जरा साफ करू का?

मध्यंतरी मावशीच्या व्हिसाचा फोटो काढायला तिच्यासोबत गल्लीतल्या स्टुडिओत गेले होते. फोटो निघाला, आणि संगणकासमोरच्या पोराने मान न वळवता विचारलं, "काकू, जरा साफ करू का?" उत्तराआधीच माउस फिरला. डोळ्यांखालची वर्तुळं गेली, ओठांच्या कडेच्या रेषा गेल्या, हनुवटीवरचा तीळही गेला. मावशी पडद्याकडे बघून म्हणाली, "अरे बाळा, विमानतळावर मला ओळखायचे नाहीत!"

हे 'साफ करणं' जुनंच. पूर्वी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने ठिपके भरत. शिसं लागेल तिथे प्रिंट उजळ, की सुरकुती गायब. स्थळासाठी जाणारे कितीतरी फोटो या पेन्सिलीखालून गेले असतील. ती पेन्सिल कुणाच्या हातात असते, एवढंच माझं कुतूहल.

काउंटेस दी कास्तिल्योने ही इटालियन सुंदरी 1856 च्या सुमारास पॅरिसमध्ये पिअर्सनच्या स्टुडिओत पहिल्यांदा बसली. काही काळ ती तिसऱ्या नेपोलियनची प्रेयसी होती, पण तिचं खरं वेड कॅमेरा. चारशेहून जास्त फोटो तिने काढून घेतले. पोशाख, पवित्रा, प्रिंटवर रंग कुठे चढवायचा, सगळं बाईसाहेबांच्या हुकमाने. एका फोटोत ती अंडाकृती चौकट डोळ्याला लावून उलट आपल्यालाच न्याहाळते. पुढे ती पडदे ओढून घरात राहू लागली आणि 1890 च्या दशकात, पन्नाशी उलटल्यावर, पुन्हा त्याच पिअर्सनपुढे उभी राहिली. चेहरा सुजलेला, ऐट मात्र तीच. या फोटोंना अनेकजण केविलवाणे म्हणतात. मला ती जन्मभराइतकीच हट्टी दिसते.

अमेरिकेतल्या अ‍ॅन नॉगलचा हट्ट निराळा. दुसऱ्या महायुद्धात ती लष्करासाठी विमानं चालवायची, नंतर शेतांवर औषध फवारणारी विमानं. कॅमेरा हातात आला तो चाळिशीच्या आसपास. 1975 साली तिने चेहरा ताणून घेण्याची शस्त्रक्रिया करवली आणि टाके, डोळ्यांभोवतीची काळीनिळी सूज यांसकट स्वतःचे फोटो काढले. लोक शस्त्रक्रिया लपवतात आणि निकाल दाखवतात. हिने नेमकं उलट केलं. तरुण दिसायची हौस तिला होतीच, ती तिने नाकारली नाही. म्हणूनच हे फोटो उपदेश करत नाहीत. पुढे युद्धातल्या आपल्या वैमानिक मैत्रिणींचे म्हातारपणीचे चेहरे तिने टिपले. ते पुस्तक 1990 साली निघालं.

सिंडी शर्मनने 2008 मध्ये श्रीमंत, उतारवयीन बायकांची सोंगं कॅमेऱ्यापुढे स्वतःच वठवली. हुशार काम, पण गार.

निकोलस निक्सनची 'ब्राउन सिस्टर्स' मालिका बहुतेकांना ठाऊक असते. बायको बेबी आणि तिच्या तीन बहिणी, 1975 पासून 2022 पर्यंत, दरवर्षी एक फोटो, उभं राहण्याचा क्रम तोच. सुरुवातीला आपण सुरकुत्या मोजतो. मग नजर हातांवर जाते: कुणी कुणाला धरलंय, यंदा कोण जरा दूर उभी आहे. काही फोटोंत निक्सनची सावली बहिणींच्या अंगावर पडलेली दिसते. कॅमेरा पुरुषाच्या हातात आहे हे ती सावली विसरू देत नाही.

आपल्याकडे पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासोबत 2000 ते 2004 या काळात 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' ही मालिका केली. तीत त्या स्वतः रविवर्म्याची लक्ष्मी होऊन उभ्या राहतात. रविवर्म्याच्या छापखान्यातून, आपल्या मळवलीहून, घरोघर गेलेली तीच लक्ष्मी. भिंतीवरच्या लक्ष्मीचं वय वाढत नाही. या लक्ष्मीने चाळिशी ओलांडलेली आहे. दुसऱ्या एका फोटोत त्या चौकटींच्या पडद्यापुढे आदिवासी बाई म्हणून उभ्या आहेत. साहेबलोक अशा चौकटींवर माणसांची मापं घेत. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की देवी आणि नमुना यांच्यातलं अंतर फारच थोडं वाटतं.

इमोजेन कनिंगहॅमने मात्र नव्वदी उलटल्यावर म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायला घेतले. तेव्हा कॅमेऱ्याच्या मागचं आणि पुढचं वय जवळपास सारखंच होतं. 1976 साली ती गेली. 'आफ्टर नाइंटी' हे पुस्तक छापून आलं पुढच्या वर्षी.