रोहिणीबाई भाटे आणि कथकाचें व्याकरण

माझ्या धाकट्या बहिणीचे चाळ आमच्या वडिलांनीं एके दिवशीं माळ्यावर टाकले. चांगल्या घरच्या मुलींनीं नाचूं नये, एवढेंच त्यांचें म्हणणें. आणि इकडे आमच्याच नंदुरबार जिल्ह्यांत, अक्कलकुवा तालुक्यांतील काठीच्या होळीस, आदिवासी स्त्रीपुरुष सर्वांदेखत रात्रभर नाचतात!

या समजुतीस ज्यांनीं पुण्यांत कृतीनें उत्तर दिलें, त्या रोहिणीबाई भाटे (१९२४–२००८). फर्ग्युसन कॉलेजांत शिकलेल्या या बाईंनीं १९४७ सालीं ‘नृत्यभारती’ काढली. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्यापाशीं त्यांनीं वर्षानुवर्षें धडे गिरविले.

कथकांत सोळा मात्रांच्या त्रितालाचें आवर्तन लहऱ्यावर अखंड फिरत असतें. नर्तकी बोल उलगडीत नेमकी समेवर येते. हें गणित जमलें कीं टाळ्या पडतात, आणि पुष्कळांची कला तेथेंच थांबते. रोहिणीबाई थांबल्या नाहींत. गायनाचें ज्ञान असल्यामुळें रचना त्या स्वतः बांधीत. ऋग्वेदांतील उषासूक्त आणि कालिदासाचें ‘ऋतुसंहार’ त्यांनीं कथकांत आणलें. राधाकृष्णाच्या छेडछाडीस सरावलेल्या हातांनीं पहाट उगवतांना दाखवावयाची, हें धाडस लहान नव्हे.

बॅलेचे बूट झुगारून अनवाणी नाचणाऱ्या इझाडोरा डंकनचें आत्मचरित्र त्यांनींच मराठींत आणलें. मात्र इझाडोरेनें जुनें व्याकरणच टाकलें. रोहिणीबाईंनीं तें राखून नवीं वाक्यें रचलीं. आयुष्यभर व्याकरण शिकविलेल्या मला ही दुसरी वाट अधिक अवघड वाटते.