कायद्यातील क्रिया आणि कर्ता : प्रतिजैविकांवरील बंदी

आजारी गाईला प्रतिजैविक देणे हा उपचार होय. निरोगी कोंबड्यांचे वजन लवकर वाढावे म्हणून तेच औषध खाद्यात मिसळणे हा उपचार नव्हे. अशा सततच्या अल्प मात्रेत औषधाला न जुमानणारे जीवाणू तगतात व माणसापर्यंतही पोहोचतात.

कोलिस्टिन हे माणसाच्या गंभीर जंतुसंसर्गातील अखेरच्या औषधांपैकी एक. केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम २६-अ अन्वये अन्नोत्पादक प्राण्यांसाठी त्याचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. या तीन शब्दांत ‘वापर’ हा शब्द नाही. त्यामुळे बंधन उत्पादक व विक्रेता यांच्यावर येते. सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या कुक्कुटपालकाच्या शेडपर्यंत ते थेट पोहोचत नाही. औषध बाजारात मिळेनासे झाले, तरच तेथील वापर थांबतो.

याउलट स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी होणारा प्रतिजैविकांचा वापरच निषिद्ध केला. तेथे बंदीचा विषय एखादे औषध नव्हे, तर हेतू होता. म्हणून कायद्याचे वाक्य वाचताना विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात : निषिद्ध क्रिया कोणती आणि तिचा कर्ता कोण?