मध्य-अवरक्त प्रकाशासाठी गंधकाची काच

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरपर्यंत इंटरनेट पोचवणारे प्रकाशीय तंतू सिलिकेच्या, म्हणजे सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या संयुगाच्या, काचेचे असतात. दीड मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा प्रकाश त्यांतून अत्यल्प ऱ्हासाने दूरवर जातो, पण दोन-अडीच मायक्रोमीटरपुढे हीच काच तो शोषू लागते. नेमक्या या पलीकडच्या मध्य-अवरक्त पट्ट्यात अनेक वायूंची ओळख पटते : मिथेन ३.३, तर कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश जोराने शोषतो.

तेथे उपयोगी पडणाऱ्या चॅल्कोजेनाइड काचेत ऑक्सिजनच्याच कुळातील गंधक, सेलेनियम किंवा टेल्युरियम ही मूलद्रव्ये आर्सेनिक वा जर्मेनियम यांच्याशी जोडलेली असतात. हे अणू जड आणि त्यांचे बंध दुबळे असल्याने त्यांची कंपने मंद असतात, व त्यामुळे होणारे शोषण अधिक लांब तरंगलांबीकडे सरकते. म्हणूनच गंधकयुक्त तंतू सुमारे ६, सेलेनियमयुक्त सुमारे ९ मायक्रोमीटरपर्यंत आणि टेल्युरियमयुक्त त्याहीपुढे प्रकाश नेतात. अशा तंतूंवरील आरंभीच्या कामात, १९६०च्या दशकात, भौतिकशास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी यांचा वाटा होता.

खरी अडचण शुद्धतेची आहे. किंचित हायड्रोजन गंधकाशी जोडला गेला, तरी ४ मायक्रोमीटरपाशी प्रकाश अडतो, म्हणून कच्चा माल ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून निर्वात नळीत वितळवावा लागतो, आणि एवढे करूनही हे तंतू ठिसूळच राहतात व त्यांतील ऱ्हास सिलिकेच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे दूरसंचारासाठी ते निरुपयोगी ठरतात. मात्र चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रासारख्या ठिकाणी वायूंचे मापन करायचे झाल्यास काही मीटर लांबीचा तंतू पुरेसा होतो. आर्सेनिक सल्फाइडची काच सुमारे २०० अंश सेल्सिअसलाच मऊ पडत असल्याने तो तप्त धुरापासून दूर ठेवणे आवश्यक असते.