सॉक्रातिस : उपाधी आणि लोकप्रियता

खेळाडूची लोकप्रियता त्याच्या विजयांच्या प्रमाणात वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. ब्राझीलचा फुटबॉलपटू सॉक्रातिस (१९५४–२०११) हा या समजास ठळक अपवाद होय. १९८२ आणि १९८६ या दोन्ही विश्वचषक स्पर्धांत तो खेळला. परंतु विश्वविजेतेपद त्याच्या वाट्यास आले नाही. १९८२ साली तो संघनायक असताना इटलीने ब्राझीलचा ३–२ असा पराभव केला. तरीही तो संघ आणि त्याचा नायक लोकस्मृतीत टिकून राहिले. याची कारणे त्याच्या खेळात जशी आहेत, तशीच त्यास मिळालेल्या संबोधनांतही आहेत.

ब्राझीलमध्ये पेले, झिको, गारिंशा अशी टोपणनावे रूढ आहेत. सॉक्रातिस हे मात्र जन्मनाव होते. ग्रंथप्रेमी पित्याने ते ग्रीक तत्त्ववेत्त्यावरून ठेवले. रिबेराव प्रेतो येथे बोताफोगो संघातून खेळत असतानाच त्याने वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले आणि १९७८ मध्ये तो साव पावलोच्या कोरिंथियन्स संघात आला. प्रेक्षक त्यास ‘दोतोर’ म्हणत. पोर्तुगीजमधील हा शब्द ब्राझीलमध्ये केवळ वैद्यापुरता मर्यादित नाही. सामान्य मनुष्य वरिष्ठास वा धनिकास उद्देशून तो वापरतो. म्हणजे मुळात तो सामाजिक अंतर दर्शविणारा शब्द आहे. त्याच्या जोडीस ‘माग्रांव’, अर्थात ‘मोठा हडकुळा’, हे सलगीचे संबोधनही प्रचलित होते. आदर आणि जवळीक यांचा असा मेळ एकाच व्यक्तीच्या ठायी क्वचितच आढळतो.

त्याच्या खेळातही अशीच विसंगती होती. उंच देहयष्टीमुळे त्यास चपळाईने वळणे अवघड जाई. ही उणीव त्याने टाचेने चेंडू मागे देण्याच्या कौशल्याने भरून काढली आणि तीच त्याची ओळख ठरली.

तथापि उपाधीने सूचित होणारे अंतर त्याने प्रत्यक्षात मिटविले ते ‘कोरिंथियन्स लोकशाही’च्या प्रयोगात. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्करी राजवट होती. त्या काळात, १९८२ पासून, या संघात सरावाच्या वेळांपासून नव्या खेळाडूंच्या निवडीपर्यंतचे निर्णय मतदानाने होऊ लागले. संचालक, खेळाडू आणि मैदानावरील सेवक यांच्या मतांचे मूल्य समान होते. नोव्हेंबर १९८२ च्या निवडणुकांपूर्वी खेळाडूंच्या सदऱ्यांवर मतदानाचे आवाहन झळकले. १९८३ च्या प्रांतिक अंतिम सामन्यात, जिंको वा हरो, लोकशाही सोडणार नाही, अशा आशयाचा फलक घेऊन संघ मैदानात उतरला आणि विजयी झाला.

एप्रिल १९८४ मध्ये साव पावलोच्या विराट सभेत त्याने जाहीर केले की, राष्ट्राध्यक्षाच्या प्रत्यक्ष निवडणुकीची घटनादुरुस्ती संमत झाल्यास आपण देश सोडणार नाही. २५ एप्रिल रोजी दुरुस्तीच्या बाजूने २९८ मते पडली. आवश्यक होती ३२०. त्यानंतर तो इटलीतील फिओरेन्तिना संघाकडे गेला. येथेही पराभवच झाला. पण दिलेल्या शब्दास व्यक्तिगत किंमत असते, हे लोकांनी पाहिले.

४ डिसेंबर २०११ रोजी त्याचे निधन झाले. त्याच दिवशी कोरिंथियन्सने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. सामन्यापूर्वी खेळाडूंनी वर्तुळात उभे राहून त्याच्याप्रमाणे मूठ उंचावली. विजेत्यास टाळ्या मिळतात; ज्याची खूण दुसरे आपलीशी करतात, त्याची लोकप्रियता निकालपत्रकावर अवलंबून राहत नाही.