तयार ठसा, हातचं कार्ड

रबरी शिक्क्याचा जन्म दातांच्या दवाखान्यात झाला असं म्हटलं, तर ते फारसं खोटं ठरणार नाही. चार्ल्स गुडइयरनं १८३९ साली रबरात गंधक घालून ते तापवलं, आणि उन्हात न पाघळणारं, थंडीत न तडकणारं रबर हाती आलं. १८४४ साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. पुढे अमेरिकेतले दंतवैद्य या पक्क्या रबराच्या कवळ्या बनवू लागले, कारण सोन्याच्या पट्टीवरच्या कवळीपेक्षा त्या कितीतरी स्वस्त पडत. त्यासाठी त्यांच्याकडे वाफेवर चालणारं एक लहानसं लोखंडी भांडं असायचं. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावचा जेम्स वुड्रफ १८६० च्या दशकात साच्यातून रबरी अक्षरं काढायच्या खटपटीत होता, पण नेहमीच्या भट्टीत ती बिघडत. काका दंतवैद्य होते. त्यांचं भांडं वापरून पाहिलं आणि अक्षरं स्वच्छ निघाली. इलिनॉयमधल्या विदरेल नावाच्या गृहस्थांनी ‘हा शोध माझाच’ म्हणून पुढे जाहीर दावा केला. वाद काही सुटला नाही. मात्र सुरुवातीचे शिक्केवाले दंतवैद्यांचीच भांडी आणि प्लॅस्टर वापरत, याबद्दल दुमत नाही.

कृती पुढे फारशी बदलली नाही. छापखान्यातले खिळे जुळवायचे किंवा चित्राचा धातूचा ठोकळा घ्यायचा, तो साच्याच्या पुठ्ठ्यात दाबून खोलगट प्रत मिळवायची, तिच्यावर कच्च्या रबराची लादी ठेवायची आणि दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास, दाबाखाली, साधारण दहा मिनिटं शिजवायचं. रबर सोलून काढलं की कडा कातरायच्या, खाली स्पंजाचा पातळ थर आणि वर लाकडाची मूठ. अलीकडे पारदर्शक पॉलिमरचे ठसे निघाले आहेत. ते अतिनील प्रकाशात घट्ट केलेले असतात आणि ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर नुसते चिकटतात. आरपार दिसत असल्यामुळे ठसा नेमका कुठे उमटणार, हे आधी कळतं. लाकडी मुठीवर प्रेम करणारे लोक त्याला किंचित फसवणूक मानतात.

मराठीत शिक्का म्हटलं की पहिली आठवण येते ती कचेरीची: जांभळी शाई, सुकलेली गादी, ‘आवक’ आणि ‘जावक’. त्याआधी शिवकाळातली पत्रं आहेतच, वर शिक्का आणि अखेरीस मोर्तब. दोन्ही मिळून ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द झाला, आणि त्याचा अर्थ आता यापुढे बदल नाही असा. शुभेच्छापत्रं करणाऱ्यांच्या टेबलावर मात्र शिक्का उमटतो तेव्हा कामाला नुकती सुरुवात झालेली असते.

या टेबलाबद्दल एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. ठसा बाजारातला, त्यावरचं फूल दुसऱ्याच कुणीतरी काढलेलं, कागद रिमातला, मोती पाकिटातले, मग यात हातचं ते काय? आक्षेप चुकीचा नाही, पण फार जुना आहे. हातचं कार्ड त्याच्या थेट बालपणापासून असंच आहे, अर्धं तयार मालाचं.

त्यासाठी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी जावं लागतं. एस्थर हाऊलंड तिथल्या पुस्तकं-लेखनसाहित्य विकणाऱ्या दुकानदाराची मुलगी. १८४७ साली माउंट होल्योकमधून शिकून ती बाहेर पडली. त्याच सुमारास तिच्या हाती इंग्लंडहून आलेलं एक नक्षीदार व्हॅलेंटाइन पत्र पडलं. इंग्लंडात तेव्हा हा व्यापार भरात होता. १८४० पासून एका पेनीत पत्र जाऊ लागलं होतं, १८४३ साली हेन्री कोलनं जॉन हॉर्स्लीकडून चित्र काढून घेऊन नाताळचं कार्ड छापलं होतं, हजारएक प्रती, एक शिलिंगला एक. हे आपणही करू शकतो, असं एस्थरला वाटलं. तिनं वडिलांकरवी इंग्लंडहून कागदी लेस मागवली, रंगीत चित्रं कातरली, थोडे नमुने केले आणि विक्रीच्या फेरीवर निघालेल्या भावाच्या पेटीत ठेवले. दोनशे डॉलरची मागणी आली तरी पुष्कळ, असा तिचा हिशोब. भाऊ परतला तो पाच हजारांहून अधिक डॉलरच्या मागण्या घेऊन.

मग घराच्या वरच्या मजल्यावर मैत्रिणींची फळी बसली. एकीनं चित्रं कापायची, दुसरीनं मागचा कागद तयार करायचा, तिसरीनं लेस लावायची. समोर एस्थरनं केलेला नमुना. ज्यांना घराबाहेर पडता येत नसे त्यांना आठवड्याच्या कामाचं सामान खोक्यात घालून घरपोच मिळे. लिज्जतच्या बायका मळलेलं पीठ घरी नेऊन पापड लाटून आणतात, तसाच हा मामला. १८७० साली तिनं ‘न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनी’ काढली. १८७९ साली तर तिनं १३१ छापील चारोळ्यांचं पुस्तकच विकायला आणलं. कार्डातला मजकूर आवडला नाही, तर गिऱ्हाइकानं पुस्तकातली दुसरी कविता निवडायची, दुकानदारानं ती कापून वर चिकटवायची. १८८१ साली तिनं धंदा जॉर्ज व्हिटनीला विकला. हजारो जोडप्यांच्या मधोमध जिची लेस होती, ती स्वतः अविवाहित राहिली. हा योगायोग तिच्या प्रत्येक चरित्रकाराला सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि इथेही राहवलं नाही.

तिची कार्डं बघितली की आक्षेपाचं उत्तर मिळतं. लेस कारखान्याची होती. उठावाची नक्षी दाबायची आणि वर आलेला भाग कानशीनं घासून टाकायचा, की कागदाला जाळी पडे. चित्रंही छापखान्याची. पण लेसच्या पोटात लालचुटुक नाही तर निळा चकाकता कागद घालायची कल्पना तिची. लेसखाली कागदाच्या बारीक चुण्यांचे टेकू देऊन ती थर उचलून धरी, म्हणजे सपाट कार्डाला खोली येई. आजचे कार्डवाले त्याच कामासाठी फोमची दुहेरी टेप वापरतात.

आता टेबलाजवळ जाऊ. दसऱ्याचं कार्ड करायचंय आणि जवळ ठसा आहे एकच, एका झेंडूचा. त्यातून तोरण कसं होतं, ते बघण्यासारखं असतं. पहिलं फूल कार्डाच्या मध्यावर उमटवतात. तेच फूल एका चिकट चिठ्ठीवर उमटवून कडेकडेनं कातरतात. हे झालं झाकण. ते झाकण पहिल्या फुलावर बरोबर बसवायचं आणि शाई लावलेला ठसा निम्मा त्याच्यावर, निम्मा कार्डावर पडेल असा दाबायचा. झाकण उचललं की दुसरं फूल पहिल्याच्या मागून डोकावतं. पुन्हा शाई न लावता ठसा दाबला, तर तिसरं फूल फिकं उमटतं आणि लांब असल्यासारखं वाटतं. एका रबराच्या तुकड्यातून पुढचं, मधलं आणि मागचं अशी तीन फुलं मिळाली. चित्र काढता न येणाऱ्याला ही जादूच वाटते. खरी कसोटी झाकण कातरण्यात. ते बाहेरून कातरलं, तर दोन फुलांमध्ये पांढरी फट राहते. म्हणून जाणते लोक रेघेच्या किंचित आतून कातरतात.

सोनेरी उठाव हवा असेल तर काम आणखी नाजूक. सावकाश सुकणाऱ्या चिकट शाईनं ठसा उमटवायचा, ती ओली असतानाच एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकून पुन्हा डबीत. ही पावडर म्हणजे राळेसारख्या प्लॅस्टिकचे कण. हीट गन खालून किंवा बाजूनं धरली की आधी काही क्षण काहीच होत नाही. मग एका कोपऱ्यातून चमक धावत सुटते आणि खरबरीत पूड आरशासारखी गुळगुळीत होते. हे बघायला घरातली पोरं कामं टाकून येतात. केस वाळवायचा ड्रायर इथे कुचकामी: वारा जास्त, आच कमी, पावडर टेबलभर. कार्डाला बोटांचा ओलावा लागलेला असेल, तर तिथेही कण चिकटतात आणि तोरणाभोवती नको तितक्या सोन्याचा शिडकावा होतो. म्हणून आधी कागदावरून टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवतात.

तरीही डाग पडतोच. हात हलतो, ठशाची कड उमटते, अर्धं फूल कोरं राहतं. अशा वेळी कार्ड फेकून देणारा नवशिका. मुरलेला माणूस डागावर पान चिकटवतो, आणि ते पान तिथेच हवं होतं अशा चेहऱ्यानं पुढे जातो.

घडी हा लोकांनी दुर्लक्षिलेला भाग. गिरणीतल्या कागदाला धागा असतो. तंतू एका दिशेनं निजलेले असतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा. जिकडे तो सहज वाकतो, त्या बाजूनं घडी घातली तर ती सरळ येते. आडवी घातली तर जाड कागदाची पाठ फुटून पांढरे तंतू दिसतात. आधी बोथट पट्टीनं खाच पाडायची, मग घडी. ए-४ आकाराच्या, अडीचशे-तीनशे जीएसएमच्या कागदाचे दोन तुकडे केले की प्रत्येकाचं एक कार्ड होतं, आणि ते ११४ बाय १६२ मिलिमीटरच्या सी-६ पाकिटात नेटकं बसतं. हे गणित पाठ नसलेल्यांची सुंदर कार्डं पाकिटावाचून पडून राहिलेली असतात.

कागदाचा विषय निघाला की पुण्याचं नाव येणारच. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालची, के. बी. जोशी यांनी उभी केलेली. लाकडाऐवजी सुती चिंध्या आणि कातरण, त्यांचा लगदा, आणि जाळीच्या चौकटीवर एकेक ताव उचलायचा. त्याआधी शतकानुशतकं दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला कागद होतच होता. हातकागदाचे तंतू सगळीकडे विखुरलेले, म्हणून त्याला धागा नाही; घडी कशीही घाला. कडा फाटक्या, स्पर्श उबदार. कार्डासाठी याहून शोभिवंत कागद नाही, असं वाटतं. आणि नेमकी इथेच गोची आहे, कारण रबरी ठशाचं या कागदाशी पटत नाही. खडबडीत पृष्ठभागावर ठशाची बारीक रेघ तुटते, कमी खळीच्या कागदात शाई पसरते. दोन्हींचा मोह सुटत नाही म्हणून कार्डवाले तडजोड करतात: ठसा गुळगुळीत गिरणीकागदाच्या तुकड्यावर, तो तुकडा हातकागदाच्या कार्डावर. प्रस्तुत लेखकाच्या मते हा कार्डाचा सर्वांत देखणा प्रकार आहे.

महाराष्ट्रात ठशांची ओळख रबरापासून होत नाही. ती होते शाळेत, आडव्या कापलेल्या भेंडीपासून आणि कोरलेल्या बटाट्यापासून. थरांच्या कार्डाचंही तसंच. परदेशात ‘शेकर कार्ड’ म्हणून जो प्रकार चालतो, पारदर्शक खिडकीच्या आत टिकल्या खुळखुळणारा, त्याची एक बहीण आपल्याकडे आधीपासून होती. संक्रांतीला तिळगुळाच्या शुभेच्छापत्राबरोबर चिमुकल्या पुडीत काटेरी हलव्याचे चार दाणे डाकेनं जायचे. कितीदा पोचेपर्यंत त्यांची पिठी झालेली असे. खाणाऱ्याची तक्रार नसायची.

१९७९ साली मुंबईत रिपन कपूर यांनी ‘क्राय’ सुरू केली आणि शुभेच्छापत्रं विकून मुलांसाठी पैसा उभा करण्याची वाट रुळली. त्याच वर्षी दिल्लीत ‘आर्चीज’ निघालं, आणि नव्वदच्या दशकात दुकानातलं चकचकीत कार्ड म्हणजेच कार्ड, असं होऊन बसलं. मोबाइलनं त्या दुकानांचा धंदा बसवला. घरच्या टेबलावर करणाऱ्यांचं त्यात विशेष बिघडलं नाही, कारण त्यांचा धंदा नव्हताच. उलट ठशांचा बाजार या काळात वाढला. अमेरिकेत १९८८ साली दोन बहिणींनी सुरू केलेली ‘स्टॅम्पिन अप’ ही कंपनी घरोघरच्या बैठकांतून ठसे विकत मोठी झाली. भिशीसारख्या जमलेल्या बायका, मधे टेबल, आणि जाताना प्रत्येकीच्या हातात आपण केलेलं एक कार्ड.

मात्र ठशावरचं चित्र कुणाच्या तरी मालकीचं असतं. त्यामुळे अनेक कंपन्यांनी लेखी मुभा दिलेली असते: आमच्या ठशानं हातानं उमटवलेली कार्डं खुशाल विका, पण त्या चित्राची झेरॉक्स किंवा छपाई करायची नाही. काहींची अट तर अशी की दुसऱ्याला पगार देऊन ठसे मारून घ्यायचे नाहीत. या नियमात एस्थर हाऊलंड बसली नसती.

तिच्या कार्डांच्या पाठीवर कोपऱ्यात एक बारीकसं लाल ‘एच’ हे अक्षर असे. संग्राहक आजही कार्ड उलटून आधी ते शोधतात. आजच्या कार्डांच्या पाठीवरही बहुधा एक छोटा शिक्का असतो. त्यावर इंग्रजीत ‘हातानं बनवलेलं’ असं लिहिलेलं असतं, आणि तो शिक्का दुकानात तयार मिळतो.