रुमालाखालचा सौदा

बकरी ईद जवळ आली, की मदनपुरा, नागपाडा, भायखळा या भागांतील मुलांना देवनारचे वेध लागतात. महानगरपालिकेचे देवनारचे पशुवधगृह १९७१ साली सुरू झाले. ईदच्या आधी तेथे राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून व्यापारी बोकड घेऊन येतात. वडीलमंडळी बोकडाचे तोंड उघडून दात पाहतात, हे तुम्ही पाहिले असेल. कुर्बानीचा बोकड एक वर्षाचा तरी हवा. पुढचे दोन दुधाचे दात पडून मोठे दात आले, की त्याचे वर्ष भरल्याची खात्री पटते.

शेतकरीही बैलाचे दात असेच पाहतो. ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळ म्हसा गावी पौष पौर्णिमेला यात्रा भरते. तेथे बैलांचा मोठा बाजार असतो. भाताची कापणी, झोडणी उरकलेली असते, हातात चार पैसे असतात. दुधाचे दात असलेल्या गोऱ्ह्याला ‘आदत’, दोनदाती असेल तर ‘दुसा’ आणि चार दातांच्या बैलाला ‘चौसा’ म्हणतात. मग खूर, शिंगे, अंगावरचे भोवरे पाहतात.

देवनारला भाव मोठ्याने बोलून ठरतो. गुरांच्या बाजारात मात्र एक जुनी रीत अजून दिसते. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेतात, त्यावर रुमाल टाकतात आणि बोटांनी बोलू लागतात. जितकी बोटे दाबली, तितका आकडा. तो शेकड्यांचा की हजारांचा, हे जनावर पाहून दोघांनाही कळते. भोवती माणसे उभी असतात, पण भाव कोणालाच कळत नाही. त्यामुळे सौदा मोडला, तरी पुढच्या गिऱ्हाइकासमोर बैलाची किंमत उतरत नाही.

पण ज्या शेतकऱ्याला या खुणा येत नाहीत, त्याने काय करावे? दलालाने रुमालाखाली एक आकडा ठरवला आणि मालकाला दुसराच सांगितला, तर त्याला पत्ताही लागत नाही. स्वतःच्या घासातला घास देऊन वाढवलेल्या बैलाचे पैसे असे वाटेतच गळतात. रुमाल कितीही गमतीचा असो, मला उघड बोली अधिक बरी वाटते.

सौदा पटला, की थोडी रक्कम आधी देतात. आपण उर्दूत तिला ‘बयाना’ म्हणतो, मराठीत ‘विसार’. बाकी बाजार, दलाल, सौदा, रुमाल हे शब्द दोन्हीकडे सारखेच!

हातावर सौदा करण्याची रीत दूर आयर्लंडमध्येही होती. तेथील जत्रांत शेतकरी तळहातावर थुंकून एकमेकांच्या हातावर टाळी देत. मग विकणारा शकुन म्हणून थोडे पैसे परत करी. त्या देशातील किलॉरग्लिन गावी ऑगस्टमध्ये जत्रा भरते. तिच्यासाठी डोंगरातून एक रानबोकड पकडून आणतात, त्याला मुकुट घालतात आणि जत्रेपुरता राजा करतात. जत्रा संपली, की राजेसाहेब पुन्हा डोंगरात चरायला मोकळे!