शेतकऱ्याचे पाय व त्यांची निगा

आषाढात भाताची लावणी सुरू झाली म्हणजे कोकणातील व मावळातील शेतकरी कुटुंबे दिवसभर चिखलात उभी असतात. बैल लंगडू लागला तर त्याचा खूर लगेच पाहिला जातो, रस्त्यावर चालणाऱ्या बैलास पत्री मारून घेण्यातही कोणी कसूर करीत नाही. स्वतःच्या टाचेची भेग मात्र दिवाळीपर्यंत तशीच राहते.

ह्यास केवळ आळस म्हणणे बरोबर होणार नाही. भेगा, चिखल्या व कुरूप बहुतेकांनाच असल्यामुळे त्यांस कोणी आजार मानीत नाही. त्यांनी मनुष्य अंथरुणास खिळत नाही, आणि लावणीच्या दिवसांत दवाखान्यात गेल्यास मजुरी बुडते. शिवाय पाय दाखविण्यासाठी डॉक्टरकडे जावयाचे असते, ही कल्पनाच आपल्याकडे रूढ नाही. केवळ पायांवर उपचार करणारे तज्ज्ञ फार थोडे, व तेही मोठ्या शहरांत. मग घरगुती उपाय चालतात. त्यांपैकी कोकमाचे तेल भेगांस लावणे चांगले; त्याने कातडी मऊ राहते. परंतु काटा मोडला अथवा कुरूप झाले म्हणजे बिब्ब्याचा किंवा तापविलेल्या गुळाचा चटका देण्याची चाल सोडून द्यावी. त्याने कातडी भाजून नवी जखम होते.

भेग लहान दिसली तरी रोगजंतूंस तेवढी वाट पुरते. धनुर्वाताची भीती सर्वांस ठाऊक आहे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या व गुराढोरांच्या मूत्रातून पाण्यात उतरतात आणि फाटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत ह्या रोगाची साथ आली होती. चिखलात काम केल्यानंतर काही दिवसांनी ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व आपण चिखलात काम केले होते हे आवर्जून सांगावे. गमबूट घालावेत असे सांगणे सोपे आहे, पण लावणीच्या खोल चिखलात ते रुततात. म्हणून कामावरून येताच पाय साबणाने धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि टाचांस तेल लावावे.

दुखणाऱ्या पायाकडे मनुष्य केव्हातरी पाहतोच. खरा धोका न दुखणाऱ्या पायास असतो. कुष्ठरोगात व जुन्या मधुमेहात पायाच्या मज्जातंतूंची संवेदना जाते. मग पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. शेकोटीजवळ बसल्याने अथवा देवळाच्या तापलेल्या फरशीवर चालल्याने फोड येतात, तेही जाणवत नाहीत. काटा आत राहतो व त्यावरच चालणे सुरू असते. कुष्ठरोग्याचे पाय रोगानेच झडतात असा पूर्वी समज होता. वेल्लोर येथे १९४६ पासून काम केलेले शल्यवैद्य पॉल ब्रँड ह्यांनी दाखवून दिले की, वेदना नाहीशी झाल्यामुळे न जाणवलेल्या जखमाच त्या पायांचा नाश करतात. पुढे अशा पायांसाठी मऊ रबराच्या चपला तयार झाल्या; आजही त्या कुष्ठरोग्यांस सरकारी आरोग्यसेवेमार्फत दिल्या जातात. कुष्ठरोगावरील औषधोपचारही मोफत असून तो सहा किंवा बारा महिन्यांचा असतो.

ज्यांच्या पायांस बधिरता आहे त्यांनी अनवाणी चिखलात उतरू नये व कुरूप ब्लेडने कापू नये. रोज रात्री दिव्यापाशी तळवे पाहावेत. वाकता येत नसल्यास आरसा धरावा किंवा घरातील मुलास पाहावयास सांगावे. मुलांची नजर तीक्ष्ण असते.

गावातील कार्यकर्त्यांनी लावणीपूर्वीच्या बैठकीत पिकाबरोबर पायांचीही चौकशी करावी. अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा, न दुखणारी जखम, अथवा मधुमेह असून पायांस मुंग्या येणे, ह्यांपैकी काहीही आढळल्यास आशा कार्यकर्तीस कळवावे व त्या व्यक्तीस आरोग्य केंद्रात पाठवावे. स्त्रिया हे आपण होऊन सहसा सांगत नाहीत. त्यांची चौकशी आशा कार्यकर्तीकडूनच करवून घ्यावी.